अल्का सिस्टरचा सहावा डाग

चिचटोल्याच्या उपकेंद्रात अल्का डोंगरे नर्स म्हणून रुजू झाली ती १९९९ साली, गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला त्याच वर्षीच्या पावसाळ्यात. नव्या जिल्ह्याचं कौतुक गोंदिया शहराला असेल. चिचटोल्यात मात्र चर्चा होती नव्या नर्सबाईच्या आवाजाची. बाई बोलायला लागली की चार बांध्या पलीकडे धानाची रोवणी करणाऱ्या बायकांनाही शब्द न् शब्द ऐकू जायचा. लसीची निळी पेटी खांद्याला अडकवून ती दारात उभी राहायची आणि हाक द्यायची, "निघा वं बाहेर, लेकरं घेऊन! लपून बसल्या तं चुलीपाशी येऊन टोचीन." आणि खरंच जायची. एका बौद्ध बाईने आपल्या चुलीपर्यंत यावं हे सुरुवातीला काही घरांना रुचलं नाही. अल्काने ते पाहिलं, मनात ठेवलं आणि दुसऱ्या महिन्यात त्याच घरांत चुलीपाशी पाट मागून बसली. अशी ही बाई.

पहिल्याच महिन्यात लस टोचायला तिने पोरांची झबली वर केली आणि तिचा हात थांबला. दहातल्या चार लेकरांच्या पोटावर, उजव्या बरगडीच्या खाली, पाच गोल डाग. चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक. काहींचे वाळलेले, काहींचे अजून ओले. हे काय आहे ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या भागात लहान मूल पिवळं पडलं, पोट फुगलं, दूध टाकायला लागलं की त्याला डागून आणायचे. डागणारा होता चैतराम, आणि त्याच्या आधी त्याचा बाप. धानाची पोती शिवायचं दाभण विस्तवात लाल करायचं आणि लेकराच्या पोटावर टेकवायचं. चैतराम वाईट माणूस होता असं म्हणावं तर तेही नाही, आणि हीच अल्काची खरी अडचण होती. डागण्याबद्दल तो काही घेत नसे. त्या घरचा चहासुद्धा पीत नसे. वयाने मोठा, बोलायला गोड, कुणाच्याही मयताला सर्वांत आधी हजर. त्याच्या घराण्याचा एक नेम मात्र होता. आपल्या रक्ताच्या लेकराला आपल्या हाताने डागायचं नाही. आपला हात आपल्या रक्ताला लागू पडत नाही, असं त्याचा बाप सांगून गेला होता. हा नेम पंचक्रोशीला ठाऊक होता आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर अल्कालाही वाटलं नव्हतं.

अल्काच्या स्वतःच्या पोटावरही तेच पाच डाग होते. चैतरामच्या बापाने दिलेले. तिचं माहेर तिथून दोन कोसांवर. ती दहा महिन्यांची असताना तिच्या आईने, पार्वताबाईने, तिला पदरात गुंडाळून आणलं होतं. अल्काला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की लहानपणी आंघोळ घालताना आईचा हात त्या जागेवर आला की आई गप्प व्हायची आणि दुसरीकडे पाहायची. एकदा, अल्का नर्सिंगला लागल्यावर, आई आपणहून म्हणाली होती, "तुहे पाय मी धरले होते." त्यानंतर तो विषय दोघींनी कधी काढला नाही. म्हणून चिचटोल्यात डागण्याविरुद्ध घसा कोरडा करताना अल्काने स्वतःचे डाग कुणाला दाखवले नाहीत. मेलेल्या आईला चारचौघांत नावं ठेवल्यासारखं होईल, असं तिला वाटायचं.

तिची पद्धत वेगळी होती. सरकारी पत्रकातलं मराठी तिला मान्यच नव्हतं. यकृत, प्रतिकारशक्ती, असले शब्द ती पेटीतच ठेवायची आणि गावाच्या बोलीत सांगायची. लस म्हणजे काय, तर कुत्र्याले चोराचा सदरा हुंगवून ठेवणं. चोर आला की कुत्रं वळखते. बायका हसायच्या आणि पोर पुढे करायच्या. डागण्याबद्दलही तसंच. "घरात धूर कोंडला तं तुम्ही भिंतीले चटके देता का वं?" ती विचारायची. हळूहळू, एकेक घर करत, चैतरामच्या अंगणातली गर्दी ओसरली. शेवटचा ओला डाग तिने पाहिला तो २००७ साली. तिथून पुढे पाच वर्षं एकाही लेकराच्या पोटावर नवा डाग नाही. तिला सरकारकडून कधी पदक मिळालं नाही, पण त्या पाच वर्षांचा तिला जेवढा गर्व होता तेवढा तिने दुसऱ्या कशाचाच केला नाही.

आता तिच्या आजाराची गोष्ट. २००६ साली दवाखान्यातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना 'ब' काविळीची लस द्यायचं ठरलं. त्याआधी रक्त तपासलं, तर अल्काच्या रक्तात तो विषाणू आधीच मुक्कामाला. लहानपणी कधीतरी शिरला असेल, डॉक्टर म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. आणि एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली: असल्या लिव्हरमध्ये गाठ होऊ शकते, ती लहान असताना सापडली तर इलाज सोपा, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

दुसऱ्याला तारीख चुकवू न देणारी बाई स्वतःची चुकवणार होय? तिने लहान मुलांचं लसीकरणाचं एक कोरं कार्ड घेतलं. बाळाचे नाव: अल्का. आईचे नाव: पार्वताबाई. आणि खाली सहा-सहा महिन्यांच्या तारखा. ते कार्ड तिने आरशाला खोचून ठेवलं. एकदा तर पुतणीच्या लग्नाच्या दिवशीच तारीख आली. बाई शालू नेसून, मेंदीच्या हातांनी गोंदियाला सोनोग्राफी करून आली आणि जेवणाच्या पंगतीला परत हजर. तिचा नवरा देवीदास गोरेगावात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "माह्याकडे लोक गाडी बंद पडल्यावर येते. हे बाई गाडी चालू असताना इंजिन उघडते."

२०१२ च्या जूनमध्ये गोंदियाच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरचा हात तिच्या पोटावरून फिरता फिरता थांबला, पुढे गेला आणि पुन्हा मागे आला. अल्का इतकी वर्षं या धंद्यात होती. हात मागे आला की काहीतरी सापडलं, हे तिला कळत होतं.

"किती मोठी?" तिने विचारलं.

"अडीच सेंटिमीटर."

म्हणजे बोराएवढी. तिने पोटावरचं जेल पुसलं, साडी नीट केली आणि एसटीने गोरेगावला आली. देवीदासला दुकानातच सांगितलं. त्याने आपली स्वतःची, चांगली चालणारी लूना उभी केली आणि दिवसभर तिचा नट न् नट सुटा करत बसला. संध्याकाळी सगळा सांगाडा जमिनीवर मांडलेला पाहून अल्का म्हणाली, "आता जोडा. उद्या नागपूरले जायचं आहे, अन् बसस्टँडपर्यंत मले पायी नाही चालायचं." ती घाबरली नव्हती असं नाही. त्या रात्री कार्डावरच्या तारखा तिने तीनदा मोजल्या. पण घाबरण्यापेक्षा तिला आपण गाठ वेळेत पकडली याचाच आनंद जास्त होता, आणि तो ती लपवतही नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरांनी नसेतून औषध सोडून सीटी स्कॅन काढला. गाठ कॅन्सरचीच होती, एकच होती आणि लिव्हरच्या आत खोल बसली होती. डॉक्टर चाळिशीचे, शांत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं.

"पोट उघडून तेवढा भाग कापता येईल. पण तुमचं लिव्हर जुन्या काविळीने थोडं खडबडीत झालंय, मोठा तुकडा गेला तर उरलेल्याला जड जाईल. दुसरा मार्ग आहे. बरगडीच्या मधून एक लांब सुई घालायची, सोनोग्राफीवर बघत बघत तिचं टोक बरोब्बर गाठीत न्यायचं आणि मग विजेने ते टोक तापवायचं. गाठ जागच्या जागी शिजून मरते. एवढ्या लहान गाठीला हा इलाज कापण्याच्या तोडीचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी."

देवीदासने अल्काकडे पाहिलं. अल्का चित्राकडे पाहत होती. सुई, विस्तव, उजव्या बरगडीखाली. तिच्या मनात चैतरामचं दाभण आलं आणि तिला हसूही आलं नाही. पेशंटचे नातेवाईक तिला तेरा वर्षं जो प्रश्न विचारत आले होते, तोच तिने डॉक्टरांना विचारला.

"डॉक्टर, तुमच्या घरचं माणूस असतं तर हेच केलं असतं?"

"केलंय," डॉक्टर म्हणाले. "सासूबाईंना मीच केलं, मागच्या दिवाळीआधी. याच टेबलावर."

"आता कशा आहेत?"

"चहा मी केला की नावं ठेवतात. म्हणजे ठणठणीत आहेत."

"मग लावा नंबर," अल्का म्हणाली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडचे केशोराव नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या स्वादुपिंडाच्या शेपटाकडची गाठ दुर्बिणीतून, पोटाला पाच छोटी भोकं पाडून काढली होती. दुसऱ्याच दिवशी ते वॉर्डभर फिरत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सदरा वर करून भोकं मोजायला लावत होते. "माह्या बाचे मुतखड्याचे टाके पाहाले पाहिजे होते, बाई," ते अल्काला म्हणाले, "अख्खं पोट पोत्यावानी शिवलं होतं. अन् माहं पाहा, जसं उंदरानं कुरतडलं." अल्काला हा माणूस फार आवडला. वॉर्डातली नर्स नको म्हणत असतानाही तिने त्यांच्या पट्ट्या तपासल्या.

दुसऱ्या दिवशी तिला टेबलावर घेतलं. दोन्ही मांड्यांना विजेच्या तारांच्या चिकटपट्ट्या लावल्या, गुंगीचं औषध दिलं, जागा बधिर केली. डॉक्टरांनी पोटावरचे जुने डाग पाहिले आणि एक क्षण थांबले. गुंगीतही अल्काची मान पडद्याकडे वळली होती. काळ्या-करड्या चित्रात सुईची रेघ हळूहळू पुढे सरकली, थोडी मागे घेतली, पुन्हा सरकली आणि गाठीच्या मधोमध जाऊन थांबली. मग गाठीच्या जागी पांढरा ढग उठला. भात शिजताना झाकण उचललं की जशी वाफ येते तसा. बाराएक मिनिटं तो ढग वाढत राहिला. "पाहा सिस्टर, गाठ संपते आहे," कुणीतरी म्हणालं, आणि अल्काला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी ती चिचटोल्याला, उपकेंद्राच्या मागच्या आपल्या दोन खोल्यांत परत आली. उजवा खांदा दुखत होता, अंगात थोडा ताप होता. मेलेली गाठ अंगात विरते तेव्हा चार दिवस ताप येतो, हे तिला सांगितलं होतं. पोटावर माशी चावल्याएवढी एक खूण. गावातल्या बायका बघायला आल्या आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: "केलं तरी काय, सिस्टर?"

इथे अल्काने चूक केली. आयुष्यभर तिला ज्या गोष्टीने यश दिलं तीच तिला नडली. तिने गावाच्या बोलीत सांगितलं. "अवं, काई नाही. सुई तापवली, आत घातली अन् गाठ जाळून टाकली. डागलंच म्हणा ना, पण आतून." बायका हसल्या. तीही हसली. धनवंता पटले नावाची म्हातारी तेवढी हसली नाही. ती गंभीर चेहऱ्याने मान हलवत होती. तापामुळे असेल किंवा आनंदामुळे असेल, अल्काचं तिकडे लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी धनवंता दारात आली. अल्का खाटेवर पडून होती, देवीदास चहा गाळत होता.

"सिस्टर, एक इचारायचं होतं," धनवंता म्हणाली. "आमच्या सुनेच्या, योगेश्वरीच्या पोरीचं पोट फुगलं हप्त्यापासून. डोळे पिवळे झाले. तुम्ही नव्हत्या. मंग तुमचं आयकलं, म्हनून आता चैतरामकडे डागाले धाडलं."

अल्का उठून बसली.

"तं म्हटलं, इचारून घ्यावं," म्हातारी पुढे म्हणाली. "चैतराम पाच देते. पन तुमाले नागपूरले एकातच गुण आला म्हनता. मंग त्याले एकच द्यायले सांगू का? लेकरू लहान आहे, सात महिन्याचं."

तेरा वर्षं तिने दारोदार फिरून जे थांबवलं, ते तिच्याच तोंडच्या एका वाक्याने परत आलं होतं, आणि म्हातारी तिला त्याचा डोस विचारत होती. आपली जीभ कापून टाकावी असं तिला वाटलं.

"लूना काढा," ती देवीदासला म्हणाली.

"तुह्या अंगात ताप आहे."

"काढा म्हणते ना!" तो आवाज ऐकून देवीदासने चहाचं गाळणं हातात तसंच घेऊन लूनाकडे धाव घेतली.

चैतरामच्या अंगणात पाच वर्षांनी पुन्हा माणसं जमली होती. मातीच्या शेगडीत गोवऱ्यांचा विस्तव आणि त्यात दाभण. चैतराम पाटावर ताठ बसला होता, आता सत्तरीचा. समोर योगेश्वरी, वीस-एकवीसची पोरगी, लेकराला मांडीवर उताणं धरून बसलेली. पोटावरचं झबलं वर केलेलं. तिने लेकराचे दोन्ही पाय एका हाताने धरले होते. ते पाय अल्काने पाहिले आणि ती सरळ शेगडीपाशी गेली.

"काकाजी, दाभन बाहेर काढा."

"ये बाई, सावलीत बस," चैतराम म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची काळजी होती. "तुही तब्येत बरी नाही म्हनते, अन् उन्हात काऊन फिरून राहिली?"

"दाभन काढा पहिले."

"काऊन काढू?" आता तो जरा चढला. "तेरा वर्सं तू म्हने, डागू नका. म्या आयकलं. पाच वर्सं हे दाभन फक्त पोत्याले लावलं. अन् आता तू सोताच नागपूरले जाऊन डागून आली. डाक्टरनं केलं तं इलाज, अन् म्या केलं तं अडानीपना? सांग, सर्व्यायसमोर सांग."

प्रश्न सरळ होता आणि अंगणातल्या प्रत्येकाच्या मनात तोच होता. अल्का सांगायला लागली. डॉक्टर आत पाहत होता, पडद्यावर. सुईचं टोक बोराएवढ्या गाठीत गेलं की बाजूला गेलं, हे त्याला दिसत होतं. मला आधी बधिर केलं. माझ्या पोटात गाठ होती. या लेकराच्या पोटात गाठ नाही, कावीळ आहे, आणि कातडी भाजून कावीळ जात नाही. "तुमाले दिसते का आतलं?"

"हाताले समजते," चैतराम म्हणाला. "बाले समजे, मले समजते." दोघं-तिघं हो-हो म्हणाले.

मग अल्काने जे तेरा वर्षांत केलं नव्हतं ते केलं. पदर बाजूला घेऊन पोट दाखवलं. "हे पाच वळखता, काकाजी?"

चैतराम वाकून जवळ आला. बराच वेळ पाहत राहिला. "मधला डाग जरासा डाव्या अंगाले," तो हळूच म्हणाला. "बाचा हात आहे हा."

"पंचेचाळीस वर्सं झाले. त्याच्याच खाली गाठ आली. काय फायदा झाला?"

"बानं डागलं म्हनून तं तू जगली," चैतराम म्हणाला, "नाही तं नर्स कोन झाली असती?" आणि अंगणाने पुन्हा मान हलवली. अल्काला कळलं, हा डाव आपण हरलो. योगेश्वरी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. लेकरू रडायलाही थकलेलं होतं. शेगडीतलं दाभण आता लाल झालं होतं.

अल्का खाली, मातीवर, चैतरामच्या समोर बसली. तिचा आवाज उतरला. इतका की मागच्यांना ऐकायला पुढे सरकावं लागलं.

"काकाजी, म्या डाक्टरले एकच गोष्ट विचारली. म्हटलं, तुमच्या घरच्या मानसाले हेच केलं असतं का? तो म्हणे, सासूले केलं, सोताच्या हातानं. आता तुमाले विचारते. तुमचा नातू टिकेश लहान असताना असाच पिवळा पडला होता. त्याले डागलं का?"

"आमचा नेम तुले माहीत आहे. आपला हात आपल्या रक्ताले लागू पडत नाही."

"माहीत आहे. तुमचा हात नाही लागू पडत. पण तुमच्या बाचाच चेला पलीकडच्या गावात बसला आहे ना? तोही डागते. त्याचा हात तं लागू पडला असता. त्याच्याकडे काऊन नाही नेलं? सकाळी सकाळी सायकलवर बसवून माह्याकडे काऊन आनलं?"

हे कुणाच्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. नेम सगळ्यांना पाठ होता, पण नेमाच्या पुढे एक पाऊल कुणी टाकलं नव्हतं. चैतरामने शेगडीकडे पाहिलं. मग लेकराच्या पोटाकडे.

"पाहावलं नसतं, बाई," तो म्हणाला.

हे शब्द त्याने तोंडातून काढले आणि मग ते त्यालाच ऐकू आले. योगेश्वरीने लेकराचे पाय सोडले. झबलं खाली ओढलं, पोर छातीशी धरली आणि उठून अल्काजवळ येऊन उभी राहिली. मागोमाग चालत आलेल्या सासूकडे, धनवंताकडे, तिने पाहिलंसुद्धा नाही. चैतरामने चिमट्याने दाभण बाहेर काढलं आणि पाण्याच्या घंगाळात टाकलं.

दुपारच्या आत देवीदासने गोरेगावहून जीप आणली आणि पोरीला गोंदियाला नेलं. बारा दिवस दवाखान्यात ठेवलं. पोट उतरलं, डोळे निवळले. अल्काने त्या लेकराचं कार्ड स्वतःच्या कार्डाशेजारी आरशाला खोचलं आणि चुकलेल्या लसींच्या तारखा लाल शाईने लिहिल्या. त्यानंतर तिने गावात फिरून एक गोष्ट दारोदार सांगितली: माझी चूक झाली, मी 'डागलं' म्हणायला नको होतं. आजवर एकाही सरकारी बाईने चिचटोल्यात चूक झाली असं म्हटलं नव्हतं. लोकांना ते नवीनच होतं, आणि पटलंही.

महिन्याने ती नागपूरला तपासणीला गेली. डॉक्टरांनी सीटी स्कॅन उजेडावर लावला. गाठीच्या जागी एक काळा गोळा होता, त्यात औषध शिरत नव्हतं, म्हणजे रक्त नव्हतं, म्हणजे जीव नव्हता. "पूर्ण मेली," डॉक्टर म्हणाले. "पण सिस्टर, लिव्हर तेच आहे. दुसरी कुठे येऊ शकते. आता दर तीन महिन्यांनी."

"तारखा सांगा," अल्का म्हणाली आणि पर्समधून कार्ड काढलं. दुसरी आली तर तीही बोराएवढी असतानाच पकडू, याबद्दल तिला शंका नव्हती.

संध्याकाळच्या एसटीने ती परतली. फाट्यावर उतरली तेव्हा लिंबाखालच्या ओट्यावर चैतराम एकटाच बसला होता. त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. म्हातारा उठून उभा राहिला.

"जळाली का?"

"जळाली, काकाजी."

"पुरी?"

"पुरी."

त्याने मान हलवली. अल्का पुढे निघाली, तर तिच्या मागून त्याचा आवाज आला. "बाई." ती थांबली. म्हातारा जमिनीकडे पाहत होता. "माह्या बाचे ते पाच... तुले लय दुखलं असन ना?"

अल्काला एकदम आईचा हात आठवला, साबणाचा, त्या जागेवर येऊन थांबणारा. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मले काही आठवत नाही, काकाजी," ती म्हणाली. "माह्या मायले आठवे. पाय तिनं धरले होते."